परत न आलेलं क्रियापद

कार्यालयाच्या भिंतीवर, खिडकीपासून हातभर अंतरावर, एक तापमापक टांगलेला होता. त्याच्या नळीतला लाल धागा मध्येच तुटलेला होता. तुटलेल्या जागी दोन मिलिमीटरांची, फार तर अडीचची, रिकामी फट होती. हवा तापली की खालचा धागा वर चढे आणि डोक्यावरचा तुकडाही तेवढाच वर सरके. हवा गार झाली की दोघं मिळून खाली येत. फट मात्र तेवढीच राही. त्यामुळे तो नेहमी दोन अंश जास्त दाखवायचा. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आकडा वाचून जो तो मनातल्या मनात दोन वजा करायचा, आणि म्हणून नवा तापमापक कधी आलाच नाही.

ताईला हेही ठाऊक होतं की नळी बर्फात बुडवून हलकेच आपटली तर धागा जुळतो. पदवीच्या वर्षी प्रयोगशाळेत तिनं अशा कितीतरी नळ्या दुरुस्त केल्या होत्या. हिचंही करू एकदा, असं ती इथं आल्यापासून म्हणत होती.

इथं म्हणजे लाकडी सामानाच्या दुकानावरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. तिथं तीन माणसं मिळून दवाखान्यांसाठी एक कोश करत होती. इस्पितळाच्या कागदांवर जी भारदस्त इंग्रजी क्रियापदं येतात, ती पेशंटला आपल्या भाषेत कशी सांगायची, त्यांचा नेमका अर्थ काय, कुठं वापरायची आणि कुठं नाही, हे त्या कोशात यायचं होतं. मुख्य संपादक होते एक निवृत्त डॉक्टर. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. ताई नोंदी लिहायची. ती डॉक्टरांपेक्षा वीस वर्षांनी लहान होती, तरी त्यांचीही ताईच. तिसरा परत्या.

परत्याचं हे नाव त्याच्या कामामुळे पडलं होतं. ताई इंग्रजी क्रियापदाचा अर्थ धरून आपल्या भाषेत एक वाक्य लिहायची. परत्याला मूळ शब्द दाखवायचा नाही. त्यानं ते वाक्य पुन्हा इंग्रजीत न्यायचं. गेलेलंच क्रियापद परत आलं तर नोंद पास. दुसरंच आलं, तर ताईच्या वाक्यात कुठंतरी खोट आहे असं समजायचं. परत्या पूर्वी कोर्टात दुभाषा होता, आणि आपण समोरच्याचं एक अक्षरही इकडचं तिकडे केलं नाही याचा त्याला फार अभिमान होता.

गेले कित्येक शुक्रवार एकच नोंद नापास होत होती. ती होती रिलिंक्विश या क्रियापदाची.

"बोला ताई," डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "आमच्या आर-ची सुटका कधी? एस बिचारा दाराबाहेर ताटकळतोय."

ताईनं वाक्य वाचलं. "दांपत्याने साठवलेले भ्रूण सोडून दिले."

परत्यानं पेन्सिल कानामागून काढली, लिहिलं आणि वाचून दाखवलं. अबॅन्डन आलं होतं.

"टाकून गेले की काय?" डॉक्टर म्हणाले. "बसस्टॉपवर छत्री विसरावी तसे?"

"दुसरं आहे," ताई म्हणाली. "दांपत्याने भ्रूणांवरचा हक्क सोडला."

आता वेव्ह आलं. परत्या म्हणाला, "हे म्हणजे लायब्ररीनं दंड माफ केल्यासारखं वाटतंय."

"भ्रूण रुग्णालयाच्या स्वाधीन केले."

"सरेंडर." परत्यानं दोन्ही हात वर केले. "पोलीस आले होते का हो त्यांच्याकडे?"

डॉक्टर हसले. ताईही हसली. आपण हसतोय हे तिला ऐकू आलं, जसं शेजारच्या खोलीतलं ऐकू येतं तसं.

"ताई, तुम्ही भ्रूणांनाच का धरून बसलात?" परत्यानं विचारलं. "कुणी खुर्ची सोडतं, कुणी पद सोडतं. मोप उदाहरणं आहेत."

"कोश दवाखान्याचा आहे."

"मग मूत्रपिंड घ्या."

"मूत्रपिंड देतात. त्याला डोनेट आहे, ते डी-मध्ये झालं."

"या बाईपुढे आपलं काही चालायचं नाही," परत्या डॉक्टरांना म्हणाला, आणि पेन्सिल पुन्हा कानामागे गेली.

अर्थ मात्र ताईनं पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवला होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. 'आपल्या ताब्यात असलेली, ठेवू शकलो असतो अशी गोष्ट, मनाविरुद्ध का होईना, पण स्वतः ठरवून सोडणे.' डॉक्टरांनी त्याखाली हिरव्या शाईनं 'उत्तम' लिहिलं होतं. अर्थ उत्तम होता. घोडं अडलं होतं ते उदाहरणापाशी.

*

दुपारी जिन्यात फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टरचा होता. ताई दोन पायऱ्या खाली उतरली आणि भिंतीला टेकली.

आठ वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात ताईचे आणि तिच्या नवऱ्याचे तीन भ्रूण तयार झाले होते. एक तिच्या पोटात ठेवला, तो चौथ्या महिन्यात गेला. उरलेले दोन उणे एकशे शहाण्णव अंशांवर, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवले होते. तेव्हापासून दर वर्षी सिस्टर फोन करायची आणि विचारायची, "तुमचे दोन आहेत. ठेवायचे ना?" कधी ताई, कधी तिचा नवरा म्हणायचा, "हो, ठेवा." तेवढं बोलणं झालं की वर्षभर पुन्हा कुणी विषय काढत नसे. घरात त्या दोघांसाठी शब्दच नव्हता. फारच वेळ आली तर 'ते' म्हणत.

"ताई, यंदा नुसतं ठेवा म्हणून चालणार नाही," सिस्टर म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाजही जाड झाला होता. "टाक्या नव्या इमारतीत न्यायच्यात. आणि तुमचं वय आता आमच्या मर्यादेच्या पुढे गेलंय. म्हणजे तुमच्यात तर ते ठेवता येणार नाहीत, हे इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय."

"मग दुसऱ्या कुणा जोडप्याला द्यायचे, का अभ्यासासाठी द्यायचे, का थांबवायचं, म्हणजे टाकीतून बाहेर काढून संपू द्यायचे, ते तुम्ही दोघांनी सांगायचं. महिनाअखेरपर्यंत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आम्ही थांबवतो. नियमच आहे तसा." सिस्टर जरा थांबली. "बरेच जण सांगतच नाहीत, ताई. फोनच उचलत नाहीत. खरं सांगू, ते सोपंच पडतं सगळ्यांना. तुम्ही उचलता म्हणून तुम्हाला म्हटलं."

"बरं," ताई म्हणाली. "थँक यू."

ती वर आली, जागेवर बसली. टेबलावर मघाचा चहा होता. तिनं तो प्यायला. अर्धा कप संपल्यावर तो पार निवलेला असल्याचं तिच्या लक्षात आलं. तसं हल्ली सगळंच उशिरा लक्षात यायचं. मागच्या आठवड्यात दारात बोट चेमटलं, तेव्हाही आधी तिनं निळं पडलेलं नख पाहिलं आणि मग तिला आठवलं की दुखायला हवं होतं.

*

घरी सासूबाई जेवणाच्या टेबलाशी पत्त्यांचा डाव मांडून बसल्या होत्या. एकटीनं खेळायचा डाव, पण त्यातही त्या लबाडी करत आणि पकडलं की रागावत.

"आई, तो राजा तुम्ही खालून काढलात."

"तुझं लक्ष कोशात असू दे."

ताईनं भाजी चिरायला घेतली. अडलेली वाक्यं घरी आणून सासूबाईंना ऐकवायची तिची जुनी सवय होती. सासूबाई दोन्ही भाषांत अडाणी असल्याचा आव आणत आणि मग तासभर वाद घालत.

"आई, आपली एखादी वस्तू आहे. कुणी मागत नाहीये, हिसकावून घेत नाहीये. ठेवली तर ठेवता येते. पण आपण ठरवून सोडतो. तुम्ही कधी काही सोडलंत असं?"

सासूबाईंनी पत्ता हातातच धरून विचार केला. "नाही बाई. मला कुणी संधीच दिली नाही. माझ्याकडनं सगळं काढूनच घेतलं. दात त्या डॉक्टरनं काढले, घर तुझ्या नवऱ्यानं विकायला लावलं, आणि स्वयंपाकघर तू घेतलंस."

"स्वयंपाकघर तुम्हीच म्हणालात घे म्हणून!"

"म्हणाले असेन. तू घेतल्यावर." त्यांनी राजा शांतपणे एक्क्यावर ठेवला. डाव कुठल्याच नियमात बसत नव्हता. "असं आपणहून सोडायला, सूनबाई, आधी माणसानं ती वस्तू आपली म्हणायला पाहिजे."

ताईनं सुरी खाली ठेवली. त्यांना ठाऊक आहे का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सासूबाई आता किलवरच्या राणीला शिव्या घालत होत्या, आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर गल्लीत सगळ्यांना झालं असतं.

नवरा आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायचा आणि विचारायचा, ही बरी की ही? पहिली की दुसरी? अख्खं गाव त्याच्या प्रश्नांना पटापट उत्तरं द्यायचं. स्वतःला मात्र भाजी कुठली आणायची विचारलं तर तो म्हणायचा, "तुला जी बरी वाटेल ती."

सासूबाई झोपायला गेल्यावर ताई म्हणाली, "सिस्टरचा फोन होता."

तो ताटातलं शेवटचं उचलत होता. "ठेवा म्हणालीस ना?"

"यंदा तसं चालत नाही म्हणे. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. नाही सांगितलं तर ते थांबवतील."

"आपोआप?"

"आपोआप."

त्यानं पाणी प्यायलं. पेला खाली ठेवला, मग जरा डावीकडे सरकवला. "मग... होईल ते होईल," तो म्हणाला. "नाही का?"

एरवी ताई हो म्हणाली असती. आठ वर्षं हे भिजत घोंगडं दोघांनी मिळून असंच पडू दिलं होतं, आणि त्यात भांडण कधीच झालं नव्हतं. आताही तिला राग आला नाही. फक्त अबॅन्डन हा शब्द, परत्याच्या कोर्टातल्या आवाजात, तिला स्पष्ट ऐकू आला.

"ताट दे," ती म्हणाली.

*

पुढच्या शुक्रवारी तिनं नवं वाक्य आणलं. सकाळी बसमध्ये उभ्यानं सुचलं, तिनं ते उतरल्या उतरल्या चिठ्ठीवर लिहिलं आणि पुन्हा न वाचता परत्यासमोर ठेवलं. त्यांच्याकडे शिस्त होती की वाक्य कुणाच्या तरी तोंडचं वाटलं पाहिजे, कागदी नको. त्या शिस्तीचा हा परिणाम होता, किंवा नव्हता.

परत्यानं वाचलं. नेहमीसारखी थट्टा केली नाही. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकवून धरली, मग लिहिलं, आणि कागद ताईला न देता डॉक्टरांकडे दिला.

डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला. "आलं की हो! रिलिंक्विश आलं. शाबास, परत्या!"

"माझं काय त्यात? वाक्यच तसं होतं," परत्या म्हणाला.

"काय होतं मूळ वाक्य?"

परत्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली, तेव्हा त्यानं वाचलं. "आम्ही दोघांनी ते अजून आपल्या हातानं सोडलेले नाहीत."

खालच्या दुकानात कुणीतरी पलंग ठोकत होतं. ठक, ठक, मग थोडं थांबून पुन्हा ठक. आपण दांपत्य लिहायच्या ऐवजी आम्ही लिहिलं, हे ताईला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांच्या कामात असली चूक तिच्याकडून कधी झाली नव्हती. कान गरम झालेत, हे तिला जाणवलं, आणि जाणवलं ते ताबडतोब, उशिरा नाही.

डॉक्टर एवढे बारीक बघणारे होते, पण त्यांनी बघितलं ते वाक्यच. "'आपल्या हातानं' घातलंत, तिथं गंमत झाली. छान आहे. पण ताई, हे उदाहरण म्हणून घेता नाही येणार. हे न केलेल्या कामाचं वाक्य आहे. पोहणे शब्दाखाली 'तो काठावर बसला आहे' असं लिहून कसं चालेल? काम झालेलं दाखवा."

"हो," ताई म्हणाली.

"एवढं एक फिरवलंत की झालं. दोन मिनिटांचं काम आहे."

"हो."

डॉक्टर हात धुवायला आत गेले. परत्यानं चिठ्ठी घडी घालून ताईच्या बाजूला सरकवली. "कोर्टात आम्हाला सांगायचे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "साक्षीदार रडायला लागला तर दुभाष्यानं रडायचं नाही. पाणी मात्र पुढे करायचं." त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

"मी कुठं रडतेय?"

"तेच म्हणतोय मी. बाटली तरी घ्या."

तिनं पाणी प्यायलं. गार होतं.

मग ती म्हणाली, "मी जरा दुकानात जाऊन येते. ह्यांच्या. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

"जा, जा. एस वाट बघेल."

*

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवरा काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता. ताईला दारात बघून त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं.

"काय गं? आई बरी आहे ना?"

"आई चांगल्या आहेत. लबाडी करतायत. माझे डोळे तपास."

"आत्ता?"

"जवळचं धूसर दिसतंय."

आतल्या खोलीचा पडदा ओढून त्यानं दिवा मालवला. समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी उजळली. ताई खुर्चीत बसली. त्यानं तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, कानामागच्या काड्या नीट बसवल्या. त्याची बोटं गिऱ्हाइकाच्या कानाला लावावीत तशी हलकी आणि कोरडी होती. त्यानं एक डोळा झाकला आणि पाटीच्या उजेडात वाचायला तिच्या हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं.

"वाच."

तिनं वाचलं. शेवटच्या ओळीत अडखळली.

त्यानं काच सरकवली. "ही बरी?" दुसरी सरकवली. "का ही?"

"दुसरी."

"आता ही... का ही?"

"पहिली."

त्याच्या श्वासाचा आवाज तिच्या कपाळाजवळ येत होता. तिला वाटलं, आठ वर्षांत हा माणूस एवढ्या जवळून आपल्याला काही विचारतोय ते असं अंधारातच, आणि तेही काचांबद्दल. मी तरी कुठं काय विचारलं. आम्ही दोघांनीही कुणाला काही विचारू दिलं नाही. दर वर्षी सिस्टरनं विचारलं, आणि ठेवा म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मुठीत काय आहे ते बघितलंच नाही, मग मूठ उघडणार तरी कशी.

"ते आपले होते," ती म्हणाली.

त्याचा हात काचेवर थांबला. कोण ते, असं त्यानं विचारलं नाही.

"एक गेला, तो गेला. तो आपल्याकडनं घेतला गेला. पण हे दोन इतकी वर्षं आपल्याजवळ होते, आणि आपण एकदाही त्यांना आपले म्हणालो नाही."

"अगं, पण आता..." तो म्हणाला. मग खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला. तिला तो एका डोळ्यानं आणि धूसर दिसत होता. "मला वाटायचं, तू कधीतरी म्हणशील, चल परत जाऊ. म्हणून मी ठेवा म्हणायचो."

"आणि मला वाटायचं, तू म्हणशील."

बाहेर काउंटरवरची घंटी वाजली, कुणीतरी आलं होतं. तो उठला नाही. घंटी पुन्हा वाजली, मग पावलं निघून गेली.

"दुसऱ्या कुणाला द्यायचे?" त्यानं विचारलं. "चांगलं काम आहे ते. लोक करतात."

"करतात. मी खूप विचार केला. मला नाही जमणार. रस्त्यातल्या प्रत्येक पोराचे कान बघत बसेन मी. तुला?"

"नाही जमणार," तो म्हणाला. मग नाक पुसून, दुकानातल्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत, "महिनाअखेरपर्यंत ते तसेही थांबवणारच आहेत ना. आपण काही नाही बोललो तरी."

"तसं नको."

"फरक काय पडतो? शेवट तोच."

"पडतो," ती म्हणाली. काय पडतो ते तिनं सांगितलं नाही. तिला ते इतके महिने लिहिता आलं नव्हतं. तिनं डोळ्यावरचं झाकण काढलं. फ्रेम मात्र नाकावर तशीच राहू दिली. हात पुढे केल्यावर त्याचा गुडघा लागला, तिथं तिनं हात ठेवला. तिची बोटं गार होती, आणि गुडघा गरम होता, हे तिला लगेच कळलं.

"सिस्टरला फोन लाव," ती म्हणाली. "स्पीकरवर टाक, दोघंही ऐकू."

त्यानं अंधारात फोन शोधला. नंबर लावला. पलीकडे रिंग गेली, सिस्टरचा आवाज आला, "हॅलो? हां, बोला. ताई का?"

"हो, ताईच. हे पण आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, फक्त जरा मोठा. "सिस्टर, आमच्या दोन भ्रूणांबद्दल आमचं ठरलंय. थांबवा. तुमच्या नियमानं नको, आमच्या सांगण्यावरून थांबवा. आम्ही दोघं येणार आहोत. आम्ही ते आमच्या हातानं सोडतोय."